सर्वोच्च न्यायालयातील सुधारणा: उत्तर लिहिताना या चुका टाळा

सांगली-साताऱ्याच्या अभ्यासिकांत राज्यसेवेची तयारी करणारी मुलं न्यायव्यवस्थेवर पानंच्या पानं लिहितात. उत्तर फसतं ते बहुतेक एकाच ठिकाणी: कुठला बदल कोण आणि कसा करू शकतं, हे पाहिलेलंच नसतं.

‘न्यायाधीशांची संख्या वाढवायला घटनादुरुस्ती लागते.’ हे वाक्य आधी खोडा. अनुच्छेद १२४(१) नुसार संसदेचा साधा कायदा पुरतो. १९५० मध्ये सरन्यायाधीश धरून ८ जण होते, २०१९ च्या दुरुस्तीने मंजूर संख्या ३४ झाली. सरन्यायाधीश धरलेत की नाही तेही लिहा, नाहीतर ३३ की ३४ हा घोळ ठरलेलाच.

नेमणुकीचं तसं नाही. राष्ट्रीय न्यायिक नियुक्ती आयोगासाठी ९९ वी घटनादुरुस्ती झाली आणि १६ ऑक्टोबर २०१५ रोजी न्यायालयाने ती ४ विरुद्ध १ अशी रद्द केली. ‘सरकारचा हस्तक्षेप नको म्हणून’ एवढंच लिहून थांबू नका. सहा सदस्यांत तीन न्यायाधीश, कायदामंत्री आणि दोन मान्यवर होते. कोणतेही दोघे विरोधात गेले की शिफारस अडणार होती. म्हणजे तिन्ही न्यायाधीश एकमताने उभे राहिले तरी नाव अडू शकलं असतं. न्यायालयाच्या स्वातंत्र्याला, म्हणून मूलभूत चौकटीलाच (घटनेचा जो गाभा संसदेलाही दुरुस्तीने मोडता येत नाही त्याला), धक्का लागतो असं बहुमताला वाटलं ते यातूनच.

सर्वोच्च न्यायालय दिल्लीबाहेर बसवण्याच्या मुद्द्यावर कोल्हापूरचं सर्किट बेंच उदाहरण म्हणून घालू नका. सातारा, सांगलीसह सहा जिल्ह्यांसाठी १८ ऑगस्ट २०२५ पासून सुरू झालेलं ते बेंच मुंबई उच्च न्यायालयाचं आहे. आपल्या वकिलांनी त्यासाठी कित्येक वर्षं लढा दिला, म्हणून ते पटकन आठवतं. सर्वोच्च न्यायालयाच्या दिल्लीबाहेरच्या बैठकीचा आधार अनुच्छेद १३० आहे: सरन्यायाधीशांचा निर्णय, राष्ट्रपतींची मान्यता.

सगळ्यात जास्त राहून जातात ते अधिकार. आणीबाणीतल्या ४२ व्या घटनादुरुस्तीने अनुच्छेद १४४अ आणला: कायदा घटनाबाह्य ठरवायला किमान सात न्यायाधीशांचं पीठ आणि त्यात दोन-तृतीयांश बहुमत. सातपैकी चार जणांना कायदा घटनाबाह्य वाटला, तरी तो टिकणार. न्यायाधीशांची संख्या तीच, नेमणुकीची पद्धत तीच, पण न्यायालयाचा हात बांधलेला. जनता सरकारच्या काळात ४३ व्या दुरुस्तीने हे कलम काढून टाकलं. प्रश्नात ‘अधिकार’ शब्द दिसला, तर उत्तराची सुरुवात इथूनच करा. कॉलेजियम, म्हणजे ज्येष्ठ न्यायाधीशांनीच नव्या न्यायाधीशांची नावं सुचवण्याची पद्धत, नंतर घ्या.