पार्टिशनच्या सांगाड्याला लाकूड किती लागते: माझा अनुभव

सांगलीच्या गावभागातील आमच्या घरात एका मोठ्या खोलीचे दोन भाग करायचे होते. सुतारमामांनी नुसत्या नजरेने पाच घनफूट लाकूड सांगितले, म्हणून वखारीत जाण्यापूर्वी मी कागदावर हिशेब मांडला.

पार्टिशन 12 फूट लांब आणि 9 फूट उंच होते. प्लायवूडची शीट 8 बाय 4 फुटांची असल्याने दर दोन फुटांवर उभी पट्टी धरली, की शीटचा प्रत्येक उभा सांधा पट्टीवरच येतो. अशा सहा गाळ्यांना सहा नव्हे, तर सात पट्ट्या लागतात, म्हणजे 63 फूट. आडव्या पट्ट्या चार: तळाशी, माथ्याशी, चार फुटांवर आणि जिथे शीट संपते त्या आठ फुटांवर, म्हणजे 48 फूट. एकूण 111 फुटांना पट्टीच्या 2 बाय 2 इंचांनी गुणून 144 ने भागले, तेव्हा 3.08 घनफूट आले. तुटीचे दहा टक्के धरून 3.4.

2019 च्या महापुराचा अनुभव असल्याने तळाची पट्टी तेवढी सागवानी घेतली. कागद पाहून सुतारमामा म्हणाले, "आणि दाराची चौकट?" ती मी मुद्दामच वेगळी धरली होती, कारण तिची जाडी निराळी असते.