औषध धरून ठेवणारे जिलेटिनचे मायक्रोस्फिअर (सूक्ष्म गोळे)

जिलेटिन वजन करण्याआधी औषधाचा विद्युतभार पाहा. अल्कलीने प्रक्रिया केलेल्या बी प्रकाराच्या जिलेटिनचा समविद्युत बिंदू (ज्या पीएचला निव्वळ भार शून्य असतो तो) ५ च्या आसपास असतो, त्यामुळे ७.४ पीएचला तो ऋणभारित राहतो आणि बेसिक एफजीएफसारखे (पेशींची वाढ घडवणारे) धनभारित प्रथिन धरून ठेवतो. औषध म्हणून भरायचे प्रथिन ऋणभारित असेल तर समविद्युत बिंदू ९ जवळ असलेला ए प्रकार घ्या. इथे चुकलात तर बरेचसे औषध पहिल्या काही तासांतच निसटते.

१ ग्रॅम जिलेटिन ९ मिली थंड पाण्यात अर्धा तास फुगू द्या, मग ६० अंश सेल्सिअसला विरघळवा. उकळू नका, साखळ्या तुटून जेल कमकुवत होते. तेवढ्याच तापलेल्या ५० मिली ऑलिव्ह तेलात, ५०० आरपीएमवर ढवळत, थेंबथेंब सोडा. वेग वाढवला की गोळे बारीक होतात.

दहा मिनिटांनी भांडे बर्फात ठेवा आणि तापमान १५ अंशांवर आणा. ढवळणे क्षणभरही थांबवू नका. अर्धवट गोठलेले थेंब एकमेकांना चिकटले की पुन्हा सुटत नाहीत. अर्ध्या तासाने ४ अंशांचे २० मिली ॲसिटोन घाला, तासभर ढवळा, गाळा, तेल जाईपर्यंत ॲसिटोनने धुवा. ॲसिटोन कोरडेच हवे. पाणी असेल तर गोळ्यांचा चिकट लगदा होतो. जवळ ज्योत नको.

क्रॉसलिंकिंगला (जिलेटिनच्या साखळ्या एकमेकींना बांधायला) १ ग्रॅम गोळे, ट्वीन ८० या साबणासारख्या पदार्थाचे ०.१ टक्का तीव्रतेचे १०० मिली द्रावण आणि २५ टक्के ग्लुटाराल्डिहाइड ०.३८ मिली लागते, म्हणजे साधारण १० मिलिमोलर. हे फ्यूम हूडमध्ये (वाफा ओढून घेणाऱ्या कपाटात), हातमोजे घालून, १५ अंशांवर १५ तास ढवळा. गोळे पिवळसर होतात, ते अपेक्षितच आहे. उरलेले ग्लुटाराल्डिहाइड पेशींना मारते, म्हणून नंतर २५ मिलिमोलर ग्लायसीनमध्ये तासभर ठेवा, पाण्याने धुवा आणि फ्रीझ-ड्राय करा (गोठवून निर्वातात सुकवा).

औषध शेवटीच भरायचे. आधी मिसळले तर ग्लुटाराल्डिहाइड प्रथिनालाही बांधून टाकते. कोरड्या गोळ्यांवर प्रत्येक मिलिग्रॅमला औषधाचे ५ मायक्रोलिटर द्रावण टाका आणि रात्रभर ४ अंशांवर ठेवा. ते पूर्ण शोषले जायला हवे.

नुसत्या बफरमध्ये चाचणी घेऊन समाधान मानू नका. सुरुवातीला थोडे औषध सुटते आणि आलेख सपाट होतो, कारण बांधलेले प्रथिन जिलेटिन झिजल्यावरच मोकळे होते. म्हणून एका नळीत कोलाजिनेज (जिलेटिन तोडणारे एन्झाइम) घाला, दुसरीत नुसता बफर ठेवा. कोलाजिनेजमध्ये गोळे फार लवकर विरघळले तर पुढच्या खेपेला ग्लुटाराल्डिहाइड ४० मिलिमोलरपर्यंत वाढवून पाहा.