कार्यक्रमाचे फ्लेक्स लावताय? या चुका टाळा

कार्यक्रम चार दिवसांवर येतो आणि फोन वाजतो. "फ्लेक्स छापून आलेत. परवानगीचं काय ते बघून घ्या ना." प्रदर्शन असो, आरोग्य शिबिर असो की एकांकिका स्पर्धा, क्रम ठरलेला: आधी डिझाइन, मग छपाई, मग बांबू आणि सगळ्यात शेवटी महापालिका. मी आयोजकांच्या परवानग्यांची कामं करतो. माझ्याकडे येणाऱ्या बहुतेक भानगडी या उलट्या क्रमातून निघतात, उरलेल्या घाईतून.

आधी छपाई, मग अर्ज

परवानगी फ्लेक्सला मिळत नसते. ती मिळते ठराविक जागेला, ठराविक मापाला आणि ठराविक तारखांना. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमाची कलमं २४४ आणि २४५ आकाशचिन्हं (म्हणजे उंचावर, आभाळाच्या पार्श्वभूमीवर दिसणारे फलक) आणि जाहिरातींबद्दलच आहेत. मुंबईला १८८८ चा स्वतंत्र कायदा आहे, तिथे कलम ३२८ आणि ३२८-अ बघायचं. म्हणून आकाशचिन्ह व परवाना विभागात किंवा प्रभाग कार्यालयात गेलात की पहिला प्रश्न "कुठे लावणार?" हाच येतो. डिझाइन किती छान झालंय याच्याशी टेबलापलीकडच्या माणसाला काही देणंघेणं नसतं. जागा, माप, नग, तारखा. रस्त्यालगत असेल तर वाहतूक पोलिसांचा ना हरकत दाखला. खाजगी जागा असेल तर मालकाचं पत्र. मग चलन, मग परवाना क्रमांक. आणि तो क्रमांक मुदतीसकट फलकावर दिसायला हवा. छापून मोकळे झालेल्या फ्लेक्सवर तो कुठे घालणार?

एका कपड्यांच्या प्रदर्शनवाल्याचं उदाहरण सांगतो. छपाईवाल्याने एकगठ्ठा छापले तर दर कमी लावला, म्हणून याने सगळे एकदम छापून घेतले. अर्जात जागा काय लिहिली? "स्टेशन रोड परिसर". कारकुनाने अर्ज परत केला: कुठला खांब, कुठली बाजू, जागा कुणाची? मग धावपळ करून थोड्या जागा नीट लिहून दिल्या, त्यांची परवानगी निघाली. बाकीच्यांसाठी याचं म्हणणं, "साहेबांशी बोलणं झालंय." गुरुवारी रात्री सगळे फ्लेक्स वर चढले. परवाना क्रमांक साध्या कागदावर छापून सेलोटेपने खालच्या कोपऱ्यात चिकटवला. फ्लेक्सवर बसलेली धूळ न पुसता लावलेली सेलोटेप किती वेळ टिकते? सकाळपर्यंत निम्मे कागद रस्त्यावर होते.

दहाच्या सुमारास अतिक्रमणवाल्यांची गाडी आली. ते गाठी सोडत बसत नाहीत, कटरने चारही कोपरे कापतात आणि फ्लेक्स गुंडाळून मागे टाकतात. परवानगी असलेलेही गेले, नसलेलेही गेले. याच्या खिशात पावती होती, पण खांबाखाली उभ्या माणसाला तुमच्या खिशातली पावती कशी दिसणार? मी गोदामात पोहोचलो तेव्हा फ्लेक्सचे कोपरे फाटलेले आणि बांबू दुसऱ्याच कुणाच्या तरी बांबूंच्या ढिगात मिसळलेले. "आमचे लाल सुतळीवाले होते" असं तो सांगत राहिला. लाल सुतळी तिथे सगळ्यांचीच होती. नवे फ्लेक्स छापून येईपर्यंत शनिवार निघून गेला, आणि प्रदर्शनाला गर्दी शनिवार-रविवारीच असते.

माझी पद्धत साधी आहे आणि छपाईवाल्यांना ती अजिबात आवडत नाही. आधी पायी फिरून प्रत्येक जागेचा फोटो काढतो. दिव्याच्या खांबाचा नंबर किंवा शेजारच्या दुकानाची पाटी त्या फोटोत यायलाच हवी. फोटोंना तेच अनुक्रमांक देतो जे अर्जात आहेत. डिझाइनच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात पांढरी पट्टी मोकळी ठेवतो: परवाना क्रमांक, पासून-पर्यंत तारखा, अर्जदाराचं नाव. क्रमांक हातात पडेपर्यंत छपाईला होकार नाही. "फाइल मशीनला लावून ठेवतो" म्हटलं तरी नाही. मशीनला लागलेली फाइल छापूनच येते.

"बोलणं झालंय"

कुणाशी, कधी आणि त्याची सही कुठे आहे? लेखी नसेल तर झालं नाही असं समजा. महाराष्ट्र मालमत्ता विद्रूपण प्रतिबंधक कायदा, १९९५ प्रमाणे तीन महिन्यांपर्यंत कैद, दोन हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. दंड किरकोळ वाटेल, पण पोलीस ठाण्यात गुन्हा दाखल होतो, आणि तो कुणावर करायचा हे शोधायचीही गरज पडत नाही. "संपर्क" म्हणून तुमचं नाव आणि मोबाइल नंबर तुम्हीच मोठ्या टायपात छापलेला असतो.

काही छोट्या, पण रोजच्या

झाडाला खिळा ठोकू नका, दोरीही बांधू नका. वृक्ष अधिकाऱ्याशी वाद घालून कुणी जिंकल्याचं मी पाहिलेलं नाही.

सिग्नल, दिशादर्शक फलक आणि दुभाजक यांचा विचारही नको.

१ जुलै २०२२ पासून १०० मायक्रॉनपेक्षा पातळ प्लास्टिक आणि पीव्हीसी बॅनरवर देशभर बंदी आहे. छपाईवाला जीएसएम सांगेल. ते वजन झालं, जाडी नव्हे. मायक्रॉन विचारा आणि बिलावर लिहून घ्या, किंवा सरळ कापडी बॅनर करा.

"आमच्याच सोसायटीच्या भिंतीवर लावतोय" हे उत्तर चालत नाही. रस्त्यावरून दिसतो ना? मग परवानगी लागते.

निवडणूक तोंडावर असेल तर पाहुण्या नेत्याचा फोटो टाळलेला बरा. आचारसंहिता लागली की तो फलक झाकला जाईल नाहीतर उतरेल, आणि कार्यक्रमाची वेळ-ठिकाणही त्याच्याबरोबर जाईल.

वाऱ्याचा हिशेब न करणं

इथे मी ऐकून घेत नाही. बांबूच्या चौकटीवर ताणलेला फ्लेक्स म्हणजे शीडच. १० बाय २० फुटांच्या फलकावर ताशी ६० किलोमीटरचा वारा समोरून आला, तर जोर ३०० किलोच्या वर जातो. एप्रिल-मे महिन्यात वळीव येण्याआधी जे वावटळीसारखं वारं सुटतं, त्याला एवढा वेग सहज असतो. आणि आपण तो फलक कशावर उभा करतो? फुटपाथच्या फटीत रोवलेल्या दोन बांबूंवर, मागे एक तिरका टेकू देऊन.

घाटकोपरला १३ मे २०२४ रोजी पेट्रोल पंपावर कोसळलेलं होर्डिंग १२० बाय १२० फुटांचं होतं, त्यात १७ जणांचा जीव गेला. "ते लोखंडी होतं, आमचा तर फ्लेक्स आहे" असं मला तोंडावर सांगणारे आयोजक भेटलेत. दुचाकीवाल्याच्या डोक्यात पडायला बांबूही पुरतो.

फ्लेक्सला मधे चंद्रकोरीसारखी चार-पाच भोकं पाडली की वारा निघून जातो, हा तर सगळ्यांचा आवडता इलाज. त्या भोकांनी भार फारसा उतरत नाही. फ्लेक्स मात्र तिथूनच फाटायला लागतो. मी मोठा फलक मागतच नाही. एका मोठ्याऐवजी ६ बाय ४ चे तीन लावतो, पक्क्या आधाराला, आणि सुतळीऐवजी नायलॉनची दोरी वापरतो. स्वागत कमान हवीच असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअरचं स्थिरता प्रमाणपत्र घेतल्याशिवाय मंडपवाल्याला खड्डा खणू देत नाही. त्याची फी जास्त वाटणाऱ्यांनी कमान लावू नये.

उतरवायचं विसरणं

कार्यक्रम संपला की सगळे थकलेले असतात, हार-तुरे आवरतात आणि घरी जातात. परवान्यावरची शेवटची तारीख कुणी बघत नाही. मुदत उलटलेला फलक बेकायदा फलकासारखाच उचलला जातो. भरलेली अनामत अडकते आणि पुढच्या वर्षीच्या अर्जावर तुमचं नाव आधीच ओळखीचं झालेलं असतं. फ्लेक्स काढून बांबू तसेच सोडणारे तर त्याहून वरचढ. मी लावणाऱ्या पोरांशीच उतरवण्याचंही ठरवतो आणि निम्मे पैसे हातात ठेवतो. फलक खाली, दोऱ्या कापलेल्या, खड्डा बुजवलेला, आणि खांबाचा तोच नंबर दिसणारा फोटो व्हॉट्सॲपवर आला की उरलेले पैसे देतो. तेच फोटो जोडून दुसऱ्या दिवशी अनामतीच्या परताव्याचा अर्ज टाकतो.