वकिलाच्या ऑफिसातलं वर्ड नव्या कॉम्प्युटरवर नेताना

मी सांगलीत वकिलांच्या ऑफिसात टायपिंग आणि ड्राफ्टिंगचं काम करते. १४ ऑक्टोबर २०२५ला विंडोज १०चा सपोर्ट संपला, मायक्रोसॉफ्ट ऑफिस (वर्ड, एक्सेल, आउटलुक यांचा संच) २०१६ आणि २०१९चाही त्याच दिवशी. तेव्हापासून आमच्या ओळखीच्या बऱ्याच ऑफिसांत नवी मशिनं आली आणि टायपिस्ट बायकांचे फोन सुरू झाले: "सगळं आलंय गं, पण माझं काहीच सापडत नाही." ऑफिस चढवणं फार वेळाचं काम नाही. त्यात आपण वर्षानुवर्षं जे साठवलेलं असतं ते हलवणं हे खरं काम. दुकानातला मुलगा डेस्कटॉप आणि डॉक्युमेंट्स कॉपी करून देतो. बाकीचं कुठे असतं हे त्याला माहीत नसतं, आणि त्याने ते माहीत करून घ्यावं अशी अपेक्षाही करू नका. हे काम ज्याने रोज त्या मशीनवर टायपिंग केलंय त्यानेच करावं.

सुरुवातीलाच एक सांगते. जुनं मशीन एक्स्चेंजमध्ये देऊ नका. दोन-तीन हजार सुटतात म्हणून साहेब तयार होतात, त्यांना आधीच सांगून ठेवा. निदान महिनाभर ते चालू स्थितीत ऑफिसात राहू द्या.

मग लायसन्स कुठल्या प्रकारचं आहे ते बघा. वर्ड उघडा, फाइल, त्यात अकाउंट. मायक्रोसॉफ्ट ३६५ म्हणजे वर्षाचे पैसे भरून घेतलेलं असेल, तर काम सोपं: नव्या मशीनवर त्याच ईमेलने साइन इन करायचं आणि शेवटी जुन्यावरून साइन आउट करायचं. एकदाच पैसे देऊन डबा किंवा कार्ड विकत घेतलेलं असेल, तर तेही आपल्या दुसऱ्या मशीनवर नेता येतं, पण जुन्यावरून काढून. लॅपटॉपबरोबर आलेलं ऑफिस मात्र त्या लॅपटॉपचंच असतं. लॅपटॉप गेला की ते गेलं, ते हलत नाही. अशा वेळी नवं घ्यायची तयारी ठेवा.

ऑफिस चालू करायची पंचवीस अक्षरांची की कॉम्प्युटरमधून शोधून काढू, असं कोणी म्हटलं तर वेळ घालवू नका. ऑफिस २०१३पासून पुढे मशीनमध्ये त्या कीची शेवटची पाचच अक्षरं राहतात. कार्ड शोधा, बिलाच्या फाइलमध्ये बघा, किंवा कुठल्या ईमेलवर ते रजिस्टर केलंय ते आठवा. इथेच बऱ्याच जणांचं अडतं, कारण विकत घेताना विक्रेत्याने स्वतःच्या नाहीतर कुठल्या तरी तात्पुरत्या ईमेलवर ऑफिस चालू करून दिलेलं असतं. म्हणून नव्या मशीनच्या वेळी ऑफिसच्या नावाचा एक ईमेल काढा, त्याचा पासवर्ड वहीत लिहून साहेबांच्या कपाटात ठेवा, आणि सगळं त्यावरच चालू करा. "मॅडम, ऑफिस टाकून दिलंय, की लागत नाही" असं कोणी म्हणालं तर ते लगेच काढायला लावा. आपल्या मशीनमध्ये पक्षकारांची आधार कार्डं, सातबारे, घटस्फोटाच्या अर्जातल्या घरच्या गोष्टी असतात. तिथे चोरीचं सॉफ्टवेअर मला अजिबात चालत नाही.

आता आपल्या साठ्याकडे येऊ.

मी वर्डमध्ये "मदि" लिहून स्पेस दिली की "मे. दिवाणी न्यायाधीश, कनिष्ठ स्तर, सांगली यांचे कोर्टात" अशी पूर्ण ओळ उमटते. "लिदे" म्हणजे "लिहून देणार", "लिघे" म्हणजे "लिहून घेणार", "चसि" लिहिलं की चतुःसीमेचे पूर्व-पश्चिम-दक्षिण-उत्तर असे चार रकाने. खरेदीखतातला "सदरची मिळकत निर्वेध व बिनबोजाची आहे" पासूनचा सगळा परिच्छेद क्विक पार्ट्समध्ये, म्हणजे तयार मजकूर साठवायच्या वर्डमधल्या जागेत, आहे. हे सगळं जिथे साठतं तो फोल्डर लपवलेला असतो, म्हणूनच तो मागे राहतो. तिथे पोचायचं असं: विंडोजचं बटण दाबून आर दाबा, छोटी चौकट उघडेल. त्यात अ‍ॅपडेटा हा शब्द इंग्रजीत लिहा, आधी आणि नंतर टक्क्याचं चिन्ह द्या, एंटर करा. आत मायक्रोसॉफ्ट नावाचा फोल्डर दिसेल.

त्यातल्या टेम्प्लेट्समध्ये नॉर्मल डॉट डॉटएम ही फाइल असते. आपले मार्जिन, स्टाइल, मॅक्रो (एका कळीवर होणारी ठरलेली कामं), सगळं तिच्यात. ऑफिस नावाच्या फोल्डरमध्ये एसीएल शेपटीच्या फाइली असतात, त्यात ऑटोकरेक्टच्या, म्हणजे "मदि"वरून पूर्ण ओळ आणणाऱ्या, नोंदी. नावात १०३३ असेल ती अमेरिकन इंग्रजीची, ११०२ असेल ती मराठीची. आणि एक बारकावा, जो मी पुन्हा पुन्हा सांगते: फॉन्टसकट, म्हणजे फॉरमॅटिंगसह साठवलेल्या ऑटोकरेक्टच्या नोंदी एसीएलमध्ये नसतात, त्या नॉर्मलमध्ये असतात. जुन्या फॉन्टमध्ये काम करणाऱ्यांच्या मराठी नोंदी बहुतेक तशाच साठवलेल्या असतात. म्हणून दोन्ही घ्या. डॉक्युमेंट बिल्डिंग ब्लॉक्स हा फोल्डर क्विक पार्ट्ससाठी, यूप्रूफ हा डिक्शनरीत घातलेल्या शब्दांसाठी, सिग्नेचर्स हा ईमेलखालच्या सहीसाठी, एक्सेल हा मॅक्रोंसाठी. निवडत बसू नका, हे सगळे फोल्डर जसेच्या तसे पेन ड्राइव्हवर घ्या. वर्ड, एक्सेल, आउटलुक आधी बंद करून घ्या.

आउटलुक वापरत असाल तर आपली मेल साठवणारी पीएसटी फाइल शोधा, ती बहुधा डॉक्युमेंट्समधल्या आउटलुक फाइल्स या फोल्डरमध्ये असते. ओएसटी नावाची दिसली तर ती घेऊन उपयोग नाही, ती सर्व्हरवरच्या मेलची प्रत असते आणि नव्या मशीनवर आपोआप बनते.

फॉन्ट हा आपल्या मराठी ऑफिसांचा सगळ्यात नाजूक भाग. श्री-लिपी, आकृती, कृतिदेव, डीव्हीबी-टीटी सुरेख या जुन्या फॉन्टांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे आकार बसवलेले असतात. फॉन्ट नसला की दस्त उघडल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. मजकूर मात्र जसाच्या तसा असतो, म्हणून घाबरून काही पुसू नका, आणि सगळं सिलेक्ट करून मंगल फॉन्ट तर मुळीच देऊ नका. त्याने ते मराठी होत नाही. जुना फॉन्ट बसवला की मजकूर परत दिसतो. युनिकोडमध्ये, म्हणजे मंगलसारख्या कुठल्याही मशीनवर दिसणाऱ्या मराठीत, आणायचं असेल तर कन्व्हर्टर वापरावा लागतो, आणि नंतर र्‍हस्व-दीर्घ, रफार, जोडाक्षरं ओळीने तपासावी लागतात. मिळकतीच्या वर्णनातली नावं आणि आकडे तर मूळ कागद हातात धरूनच वाचा.

फॉन्ट सी ड्राइव्हवर विंडोजमधल्या फॉन्ट्स फोल्डरमध्ये असतात. तिथून लागतील ते पेन ड्राइव्हवर कॉपी करा. एखादा तिथे दिसत नसेल तर तो फक्त त्या युजरपुरता बसवलेला असू शकतो; तो अ‍ॅपडेटाच्या लोकलमध्ये (मघाच्या छोट्या चौकटीत टक्क्याच्या दोन चिन्हांमध्ये लोकलअ‍ॅपडेटा असं इंग्रजीत सलग लिहून), मायक्रोसॉफ्ट, विंडोज, फॉन्ट्स असा आत गेल्यावर सापडतो. नव्या मशीनवर फॉन्टवर राइट क्लिक करून "इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स" निवडा, नाहीतर साहेबांच्या लॉगिनमध्ये तेच दस्त पुन्हा बिघडलेले दिसतील. मंगल नव्या विंडोजमध्ये दिसला नाही तर सेटिंग्जमधल्या ऑप्शनल फीचर्समध्ये देवनागरीचे जादा फॉन्ट मिळतात, त्यात तो आहे. जुन्या लिपी-सॉफ्टवेअरला यूएसबी डोंगल (लायसन्ससाठी लावायची छोटी कांडी) असेल तर तो जुन्या सीपीयूच्या मागे खोचलेला राहतो, आठवणीने काढा. विंडोजचा नेहमीचा मराठी कीबोर्ड इनस्क्रिप्ट या सरकारी मांडणीचा असतो. टाइपरायटरच्या पद्धतीने बोटं बसलेली असतील तर तो लेआउट देणारं सॉफ्टवेअर, आमच्याकडे सी-डॅकचं आयएसएम आहे, वेगळं चढवावं लागतं.

नव्या मशीनवर क्रम असा ठेवा: विंडोजचे अपडेट, मग प्रिंटर, मग फॉन्ट, मग ऑफिस. जुनं ऑफिस ३२ बिटचं होतं आणि त्यावर एखादं जुनं अ‍ॅड-इन चालत होतं, तर नवंही ३२ बिटचंच घ्या. एकाच मशीनवर दोन्ही प्रकार एकत्र बसत नाहीत. जुन्या मशीनचा प्रोग्रॅम फाइल्समधला ऑफिसचा फोल्डर उचलून आणून काही होत नाही, कारण नोंदी रजिस्ट्रीत, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीत, असतात. इन्स्टॉलच करावं लागतं.

वर्ड एकदा उघडा, बंद करा. मग त्याच लपलेल्या फोल्डरमध्ये जाऊन नवी नॉर्मल फाइल पुसू नका, तिचं नाव बदला आणि तिथे आपली ठेवा. एसीएल, बिल्डिंग ब्लॉक्स, डिक्शनरीचंही तसंच. या वेळी वर्ड पूर्ण बंद असायला हवं, नाहीतर बंद होताना ते आपली फाइल पुन्हा लिहून टाकू शकतं. वर्ड उघडून "मदि" लिहा. ओळ आली तर पुढे जा.

आता खरी तपासणी. एखादं जुनं, मोठं, रजिस्टर झालेलं खरेदीखत उघडा आणि त्याची छापील प्रत शेजारी घ्या. पानं तेवढीच आहेत का? साक्षीदारांच्या सह्यांचा भाग त्याच पानावर आहे का? ११ पानांचं १२ झालं तर बहुधा डीफॉल्ट प्रिंटर किंवा कागदाचा आकार वेगळा लागलाय, नाहीतर फॉन्ट राहिलाय. वर्ड पानाची मांडणी प्रिंटर बघून करतं, हे फार जणांना माहीत नसतं. फॉन्टचं बघायला फाइल, ऑप्शन्स, अ‍ॅडव्हान्स्ड, त्यात फॉन्ट सबस्टिट्यूशन हे बटण आहे. त्या दस्तातला कुठला फॉन्ट मशीनवर नाही ते तिथे नावानिशी दिसतं.

डिजिटल सहीच्या टोकनचा ड्रायव्हर वेगळा चढवावा लागतो. कोर्टाचे निकाल शोधायचं सॉफ्टवेअर मशीनला बांधलेलं असेल तर जुन्या मशीनवरून ते मोकळं करून घ्यायला कंपनीला आधी फोन करा. आणि मायक्रोसॉफ्ट अकाउंटने साइन इन केल्यावर विंडोज ११ ड्राइव्ह आपोआप कुलूपबंद करू शकतं. त्या कुलपाची, म्हणजे बिटलॉकरची, ४८ आकडी रिकव्हरी की त्याच वहीत उतरवून ठेवा.

महिना झाला, रोजचे सगळे नमुने एकेकदा तरी छापून झाले, की जुन्या मशीनवरून ऑफिसचं साइन आउट करा. कोणाला ते द्यायचं असेल तर रिसेट करताना सगळं काढून टाकण्याचा आणि ड्राइव्ह साफ करण्याचा पर्याय निवडा. साधं डिलीट केलेलं परत काढता येतं. भंगारात द्यायचं असेल तर हार्ड डिस्क काढून घ्या आणि त्यावर तारीख लिहून ती ऑफिसातच ठेवा.