मंडळीतूनच सेवक कसा तयार करायचा
आपल्या मराठवाड्यात जिथं चर्चच्या एकाच पाळकसाहेबांकडं (धर्मगुरूंकडं) चार-पाच गावं असतील तिथं मंडळीतलाच, म्हणजे चर्चच्या सभासदांतलाच, माणूस सेवक म्हणून तयार करा, भाषण ठोकणारा नको, आजारी म्हातारीच्या घरी न सांगता जाणारा बघा. ट्रेनिंग दिवाळीआधी उरका, नंतर निम्मे लोक ऊसतोडीला जातात. सुरुवात धर्मसुधारक मार्टिन ल्यूथरच्या १५२९ च्या लघु प्रश्नोत्तरीपासून (विश्वासाचे मूळ धडे प्रश्न-उत्तरांत), मग शास्त्रपाठ, म्हणजे बायबलमधला उतारा, मोठ्यानं वाचून घ्या (बरेच जण तिथंच अडखळतात), मग दहा मिनिटांचा संदेश, पाळकांनी आधी तपासलेला. ऑग्सबर्ग कबुलीजबाबाचं, म्हणजे ल्यूथरन मंडळींनी आपला विश्वास मांडलेल्या १५३० च्या दस्तऐवजाचं, १४वं कलम सांगतं की रीतसर पाचारण झाल्याशिवाय कुणी जाहीर शिकवू नये की संस्कार (बाप्तिस्म्यासारखे विधी) देऊ नयेत, म्हणून उपासनेत सगळ्यांसमोर प्रार्थना करून नेमा अन् काम काय, किती वर्षं, ते कागदावर द्या. प्रभुभोजन (भाकर-द्राक्षारसाचा विधी) मात्र परस्पर सोपवू नका, ते चर्चच्या वरच्या अधिकाऱ्यांना विचारूनच.