येऊरमध्ये हरणं किती, हे लेंड्यांवरून कसं ओळखावं

ठाण्याला लागून असलेल्या येऊरच्या जंगलाचा विषय निघाला की लोक आधी विचारतात, बिबटे किती? बिबट्याचं पोट ज्यावर भरतं त्या चितळ, सांबर, भेकरांचं काय चाललंय हे मात्र क्वचितच कोणी विचारतं. खरं तर बिबट्या पाड्यापर्यंत किंवा घोडबंदर रोडवरच्या सोसायटीच्या कुंपणापर्यंत का येतो, याचं निम्मं उत्तर तिथेच असतं. येऊर ज्याचा भाग आहे त्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात 2015 साली कॅमेरा ट्रॅप (जनावर समोरून गेलं की आपोआप फोटो काढणारे कॅमेरे) लावून पाहणी झाली, त्यात 35 बिबटे मोजले गेले. त्यांच्या खाण्यात, वजनाच्या हिशोबाने, साधारण चौथा हिस्सा कुत्र्यांचा निघाला. निम्म्याहून जास्त भक्ष्य जंगलातलंच होतं. ते कमी झालं की हा हिशोब बिघडतो, म्हणून हरणांवर वर्षानुवर्षं नजर ठेवायला हवी.

हरणं डोळ्यांनी मोजता येत नाहीत. रानमोडी आणि घाणेरीच्या जाळीत सांबर वीस पावलांवर उभं असलं तरी दिसत नाही. लेंड्या मात्र जागच्या जागी पडून राहतात. त्यामुळे स्वयंसेवकांच्या गटासाठी सगळ्यात भरवशाचं काम लेंड्यांच्या मोजणीचं. वनपरिक्षेत्र कार्यालयाची लेखी परवानगी आणि सोबत वनरक्षक, या दोन गोष्टींशिवाय पायवाट सोडून आत शिरू नका.

साहित्य थोडं लागतं: 1.78 मीटर लांबीची सुतळी, लाकडी खुंट्या, मोजपट्टी, जीपीएस असलेला फोन आणि वही. खुंटीला सुतळी बांधून गोल फिरवली की 10 चौरस मीटरचं वर्तुळ मिळतं. सुतळी ओली झाली की आखडते, म्हणून दर वेळी मोजून घ्या. 500 मीटरच्या चार रेघा आखा आणि प्रत्येकीवर 50 मीटरच्या अंतराने दहा वर्तुळं घ्या. एकूण 40 होतात. रेघ पायवाटेला चिकटून नको, निदान 50 मीटर आत असावी. वाटेवरून जनावरं जास्त चालतात, त्यामुळे आकडा फुगतो. खुंटी जिथे पडेल तिथेच ठोका. सपाट, मोकळी जागा बघून वर्तुळ सरकवायचा मोह प्रत्येकाला होतो आणि त्यातच पुढची सगळी मोजणी वाया जाते.

डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात सगळी वर्तुळं लेंड्या वेचून साफ करा. बरोबर 30 दिवसांनी परत जा, नव्या लेंड्यांचे ढीग मोजा, पुन्हा साफ करा. मार्चपर्यंत अशा तीन फेऱ्या होतात. पावसाळ्यात हे काम करू नये, कारण शेणकिडे आणि पाणी मिळून लेंड्या काही दिवसांत नाहीशा करतात. थंडी सरताना दुसरी अडचण येते. सागाची पानं गळून वर्तुळ झाकलं जातं. प्रत्येक पान उचलून खाली बघावं लागतं. दोघांच्या जोडीने एका वर्तुळाला दहा मिनिटं द्या, घाई केली की आकडा कमी येतो. वणवा गेला असेल तर ते वर्तुळ त्या फेरीतून वगळा आणि कारण वहीत लिहा.

आता लेंडी हातात घेऊन बघा. चितळाची साधारण एक ते दीड सेंटीमीटर, एका टोकाला निमुळती आणि दुसऱ्या टोकाला किंचित खोलगट. सांबराची तशीच पण मोठी आणि जाड. भेकराची लहान, कित्येकदा एकमेकींना चिकटलेली. ताजी लेंडी काळपट आणि ओलसर चमकते. जुनी तपकिरी पडते, तडकते, तिला किड्यांची भोकं असतात. फसगत दोन ठिकाणी होते. सशाची लेंडी चपटी, गोल, पिवळसर आणि भुशासारखी असते, हाताने चुरली की नुसता गवताचा चोथा. आणि पाड्यावरच्या शेळ्या. पाटोणापाड्याच्या आसपास काम असेल तर शेळ्या रोज कुठे चरतात हे आधी पाड्यावरच्या माणसांना विचारा आणि रेघ त्यापलीकडे घ्या. शेळीची आणि हरणाची लेंडी नुसत्या नजरेने वेगळी काढण्याची पैज कोणी लावू नये.

दहापेक्षा कमी लेंड्यांना ढीग म्हणू नका. ढीग वर्तुळाच्या कडेवर असेल तर निम्म्याहून जास्त लेंड्या आत असतील तरच धरा. हा नियम पहिल्या दिवशी ठरवा आणि पाच वर्षं तोच ठेवा. हिशोब सोपा आहे. 40 वर्तुळांत 28 ढीग म्हणजे वर्तुळामागे 0.7. पुढच्या वर्षी त्याच रेघांवर, त्याच महिन्यांत 0.45 आले तर काहीतरी घडलंय. पण आधी आकड्यांची पांगापांग बघा. 28 पैकी 20 ढीग तीनच वर्तुळांत असतील, तर तो एका कळपाच्या बसण्याच्या जागेचा परिणाम असेल. या आकड्यावरून "जंगलात इतकी चितळं" असं जाहीर करू नका. तो कल दाखवतो, डोकी मोजत नाही.

बिबट्याची बाजू त्याच्या विष्ठेतून कळते. ती बहुधा वाटेच्या मधोमध किंवा वाटा फुटतात तिथे पडलेली असते. दोन-तीन सेंटीमीटर जाडीची, पेरं पडलेली, टोकाला पिळलेली, आत केस आणि हाडांचे तुकडे. शेजारी मोजपट्टी ठेवून फोटो काढा, जागा नोंदवा. नमुना गोळा करण्याची परवानगी वेगळी लागते, आणि हातमोजे व मास्क नसेल तर हात लावू नका, त्यात जंतांची अंडी असू शकतात. नमुना बारीक चाळणीत धुऊन केस वाळवले की हरणाचा केस जाड, ताठ, वाकवला तर मोडणारा निघतो. कुत्र्याचा मऊसर वळतो. नक्की ओळख मात्र सूक्ष्मदर्शकाखालीच होते. दहा विष्ठांत चारदा कुत्रा सापडला म्हणून खाण्यात चाळीस टक्के कुत्रा असं होत नाही. छोट्या भक्ष्याला मांसाच्या मानाने केस जास्त, त्यामुळे ते विष्ठेत जास्त वेळा दिसतं.

पायाच्या ठशांवरून बिबटे मोजू नका. राजस्थानातल्या सरिस्का व्याघ्र प्रकल्पात 2004-05 मध्ये वाघ संपले होते, तरी ठशांच्या मोजणीत ते कागदावर होते. ठसा फक्त "इथून गेला" इतकंच सांगतो: गोलसर, नखं न उमटलेला, मागच्या गादीला तीन कंगोरे. कुत्र्याच्या ठशात नखं दिसतात.

बुद्ध पौर्णिमेच्या रात्री पाणवठ्यावर होणाऱ्या प्राणीगणनेत जरूर बसा, पण तिच्याकडून जास्त अपेक्षा नको. एकच कळप रात्रीत दोनदा येतो. आदल्या दिवशी वळवाची सर आली तर जागोजागी पाणी साचतं आणि पाणवठा ओस पडतो. उन्हं उतरायच्या आत मचाणावर चढा, अत्तर आणि टॉर्च घरी ठेवा. कळप दिसला की नुसता आकडा न लिहिता नर, मादी, पाडस वेगळे लिहा. शंभर माद्यांमागे किती पाडसं, हा आकडा सगळ्यात बोलका. तो घसरला आणि त्याच भागात मोकाट कुत्र्यांचे ठसे वाढले, तर संशयाची सुई कुत्र्यांकडे वळवा. कुत्री पाडसं मारतात, आणि त्याच कुत्र्यांमागे बिबट्या वस्तीकडे येतो. उघड्यावरचा ओला कचरा आणि हॉटेलांचं खरकटं बंद झाकणाच्या डब्यात गेलं नाही, तर या दोन्ही गोष्टी थांबत नाहीत.

या कामात गवतात एकटं बसलेलं पाडस नक्की सापडेल. उचलू नका. आई त्याला लपवून चरायला जाते. अंगावर जखम नसेल तर लगेच मागे फिरा आणि पुढच्या वर्तुळाकडे जा. जखमी हरीण दिसलं तर धरायला धावू नका. पाठलाग आणि भीतीने त्याचे स्नायू निकामी होतात आणि सुटल्यावरही ते काही तासांत किंवा दिवसांत मरू शकतं. लांब थांबा, माणसं आणि कुत्री दूर ठेवा, 1926 वर वन विभागाला जागा सांगा.