पहिलं मेडिकल चाललं, आता दुसरं? सवलतीच्या औषधांची चेन वाढवायची तर आधी हे बघा

महिन्यातून एकदा तरी कोणी ना कोणी काउंटरवर येऊन विचारतं, दादा, बोर्डावर १५% सूट लिहिलंय, परवडतं कसं, आम्हालाही टाकायचंय असं दुकान, किती लागतील? किती लागतील ते राहू द्या, आधी एक हिशोब कागदावर करा.

भाव बांधलेली जी औषधं आहेत, म्हणजे २०१३ च्या डीपीसीओमधली (सरकारचा औषधांच्या किमती ठरवणारा आदेश), त्यात दुकानदाराचे १६ टक्के धरलेले असतात. लोकांना वाटतं छापील किमतीवर १६. नाही हो, खरेदीच्या भावावर. १०० ला घेतलेली स्ट्रिप ११६ ला विकायची (टॅक्स सध्या बाजूला ठेवा). आता ११६ वर १५ टक्के सोडले की १७ रुपये ४० पैसे गेले, हातात आले ९८ रुपये ६० पैसे, म्हणजे १०० ची वस्तू आपण दीड रुपया घाट्यात देऊन वर थँक्यू म्हणतोय, आणि भाडं, लाईटबिल, फार्मासिस्टचा पगार अजून द्यायचाच आहे. भाव न बांधलेल्या औषधांवर रीतीप्रमाणे २० टक्के सुटतात, तिथे जरा श्वास घेता येतो, पण जराच.

मग सूट येते कुठून? खरेदीतून. स्टॉकिस्टला, म्हणजे घाऊक विक्रेत्याला, रोख पैसे दिले की तो एक-दोन टक्के सोडतो, १० वर १ फुकटची स्कीम असते, आणि पाच-सात दुकानांचा माल एकत्र उचलला तर काही कंपन्या थेट देतात, मग स्टॉकिस्टचे जे ८-१० टक्के असतात त्यातला वाटा आपल्याकडे येतो. म्हणून मोठ्या चेनला जे जमतं ते एकट्या दुकानाला जमत नाही, त्यांची सूट बघून आपला बोर्ड रंगवायचा नाही. उरलेली सूट जेनेरिकमधून, म्हणजे मोठ्या ब्रँडशिवाय विकलं जाणारं तेच औषध. तिथली गंमत अशी की समजा स्ट्रिपवर ९० छापलंय आणि आपल्याला ती १५ ला पडलीय, तर ७० टक्के सूट देऊन २७ ला विकली तरी पोट भरतं. पण ती ७० टक्क्यांची पाटी मला स्वतःला आवडत नाही, कारण छापील आकडाच फुगवलेला असतो आणि आज ना उद्या गिऱ्हाईक विचारतंच, मग इतके दिवस लुटत होता का? मी पाटीवर टक्के लिहायचंच सोडलं, आता एका गोळीचा भाव लिहितो. शुगरची गोळी इतक्याला एक, बीपीची इतक्याला एक. आजोबा लोकांना ते लगेच कळतं, महिन्याला ६० गोळ्या, तोंडी हिशोब.

आणि चिठ्ठीवर एक ब्रँड आहे तर आपल्या मनाने दुसरा द्यायचा नाही, औषधात तोच घटक असला तरी नाही, औषध नियमांतल्या नियम ६५ मध्ये तसं स्पष्ट आहे. मी सांगतो, काकू, पुढच्या वेळी डॉक्टरांना म्हणा औषधाचं मूळ नाव लिहून द्या, मग मी तुम्हाला स्वस्तातलं दाखवतो. थायरॉईड आणि फिट्सच्या गोळ्यांना तर मी हातच लावत नाही, ज्या कंपनीची चालू आहे तीच चालू राहू दे, दर महिन्याला कंपनी बदलून दोन रुपये वाचवायची ती जागा नव्हे.

बडोद्यात स्वस्त औषध ही काही नवलाई नाही बरं का. १९०७ पासून अलेम्बिक इथे आहे, आणि १९८३ पासून लोकॉस्ट नावाचा ट्रस्ट गरजेची औषधं कमी भावात बनवून संस्थांना देतोय. त्यामुळे जेनेरिक म्हणजे काहीतरी डुप्लिकेट, ही समजूत काढायला इथे मला कमी वेळ लागला. दांडिया बाजारातले जुने लोक तर उलट मलाच सांगतात.

आता मेन गोष्ट, शॉर्ट बुक. गिऱ्हाईकाने मागितलं आणि आपल्याकडे नव्हतं ते सगळं ह्या वहीत लिहायचं. बहुतेक दुकानांत ती वही ऑर्डर देण्यापुरती असते, संध्याकाळी फोन केला की पान फाडून फेकतात. फाडू नका. पहिल्या वर्षी एक काकू यायच्या, पाच औषधं, चार असायची, एक नसायची, मी म्हणायचो उद्या आणून ठेवतो. तिसऱ्या महिन्यात त्या आल्याच नाहीत. एकदा खंडेराव मार्केटजवळ भेटल्या, म्हटलं काकू काय झालं, तर म्हणाल्या, "अरे बाळा, तुझ्याकडे चाळीस रुपये वाचतात, पण एका गोळीसाठी परत रिक्षा करून यायचं तर साठ जातात." त्या दिवसापासून दर रविवारी आठवड्याची पानं घेऊन बसतो आणि जे औषध दोनदा लिहिलं गेलंय ते कायमच्या स्टॉकला लावतो.

हे माझंच दुखणं आहे असं नाही. सरकारची स्वस्त जेनेरिक दुकानांची जनऔषधी योजना २००८ साली अमृतसरच्या पहिल्या दुकानाने सुरू झाली आणि २०१४ पर्यंत अख्ख्या देशात जेमतेम ८० दुकानं होती, भाव तेव्हाही कमीच होते की, पण माल वेळेवर पोचत नव्हता आणि डॉक्टर लिहीत नव्हते. नंतर पुरवठा सुधारला, औषधांची यादी दोन हजाराच्या घरात गेली, आणि २०२३ च्या नोव्हेंबरात १०,००० वं केंद्र उघडलं. तुम्हाला स्वतःची खरेदी जमवायची नसेल तर ते केंद्र घेणं हाही रस्ता आहे, १२० चौरस फूट जागा आणि टॅक्स सोडून छापील किमतीवर २० टक्के मार्जिन, फक्त औषधं त्यांच्याकडूनच.

दुसरं दुकान कुठे टाकायचं? लोक लांब टाकतात, एक मांडवीला आणि दुसरं थेट वाघोडिया रोडला, का तर नाव सगळीकडे व्हावं. मेडप्लस ह्या औषधांच्या चेनने २००६ ला सुरुवात केली ती हैदराबादेत ४८ दुकानं घेऊन, सगळी एकाच शहरात, आणि पुढेही जिथे गेले तिथे गोदामाच्या आजूबाजूला दाटीने दुकानं टाकत गेले. आपल्यासारख्याला ह्याचा अर्थ एवढाच की एका दुकानात गोळी संपली तर दुसऱ्यातून ॲक्टिव्हावर पंधरा मिनिटांत आली पाहिजे. माझं दुसरं दुकान पहिल्यापासून अडीच किलोमीटरवर आहे आणि एक्सपायरी जवळ आलेला माल मी जिथे जास्त खपतो तिथे सरकवतो, एक्सपायरीमध्येच निम्मी चेन बुडते. तीन महिने आधीची यादी सॉफ्टवेअरमधून काढायची, कंपनी परत घेईल त्याची तारीख चुकवायची नाही.

कागदपत्रांचं पटकन सांगतो. प्रत्येक जागेचं लायसन वेगळं, फॉर्म २० आणि २१, कमीत कमी १० चौरस मीटर, फ्रीज हवाच कारण इन्सुलिन २ ते ८ डिग्रीत राहायला लागतं. प्रत्येक दुकानाला स्वतःचा रजिस्टर्ड फार्मासिस्ट, तो दुकानात हजर, भिंतीवर फक्त सर्टिफिकेट टांगलेला नव्हे. भाड्याचं सर्टिफिकेट मिळतं, तुम्हालाही कोणीतरी विचारेल, नाही म्हणा. एच१ यादीतल्या औषधांचं (ज्यांच्या विक्रीची वेगळी नोंद ठेवावी लागते) रजिस्टर तीन वर्षं जपून ठेवायचं. आणि २०२५ च्या २२ सप्टेंबरला जीएसटी १२ वरून ५ झाला तेव्हा जुन्या छापील किमतीचा माल रॅकवर होता, बिल नव्या भावाने करायचं होतं, एका दुकानात सिस्टीम अपडेट झाली आणि दुसऱ्यात राहिली, दोन दिवस एकाच गोळीचे दोन भाव. गिऱ्हाईक दोन्हीकडे जातं हो, त्याला सगळं कळतं. तेव्हापासून दोन्ही दुकानांचे रेट एकाच कॉम्प्युटरवरून.

दुसरं कधी टाकायचं ह्याचं माझं माप असं, सलग तीन महिने शॉर्ट बुकात दिवसाला पाचपेक्षा जास्त नावं नसतील आणि तुम्ही आठ दिवस गावाला जाऊन आल्यावर गल्ला आणि स्टॉक जुळला, तर जागा बघायला लागा. जागा बघताना भाड्याच्या आधी उंबरठा बघा. २०२४ च्या ऑगस्टात विश्वामित्री नदी चढली तेव्हा माझ्या दुसऱ्या दुकानात गुडघाभर पाणी होतं, खालच्या दोन रॅकमध्ये सिरप आणि सलाईन ठेवलेले, जड माल खाली ही सवय, आणि भिजलेल्या खोक्यांचं क्लेम कोणी घेतलं नाही. आता खालचे दोन्ही खण रिकामे असतात, तिथे फक्त डायपर ठेवतो.